पडीक माळाची नोंद ठेवणारा कर्नल

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात लांडग्यापुढे पुणेकर फार वेळ रेंगाळत नाहीत. गर्दीची पावले वाघाकडे वळतात. या लांडग्याचे शास्त्रीय नाव मात्र दख्खनच्या माळावरच जन्मले. फिकट पायांचा म्हणून ‘पॅलिपस’ हे नाव त्याला १८३१ मध्ये दिले ते कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी. चिंकाऱ्याचे शास्त्रीय वर्णनही त्याच वर्षी त्यांनीच केले.

साइक्स यांचा जन्म १७९० चा, यॉर्कशायरमधला. जेमतेम चौदा वर्षांचे असताना ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. भरतपूरचा वेढा त्यांनी पाहिला, मराठी आणि हिंदुस्थानी भाषा आत्मसात केल्या आणि १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या फौजेविरुद्ध एतद्देशीय शिपायांचे नेतृत्व केले. पेशवाई बुडवणाऱ्यांपैकीच हा एक सेनाधिकारी. पण जिंकलेला मुलूख बारकाईने वाचण्याची जिज्ञासा त्याच्याकडे होती.

ती जिज्ञासा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी हेरली. १८२४ मध्ये त्यांनी साइक्स यांना सांख्यिकी अहवाल तयार करण्याच्या कामावर नेमले. लोकसंख्या, शेती, पाऊस, हवेचा दाब, डोंगरांची उंची हे सारे मोजत साइक्स दख्खनभर हिंडले. सरकारला हवी होती ती माणसांची आणि मुलखाची मोजदाद. साइक्स यांच्या वह्यांत मात्र पक्षी, मासे आणि मुंग्याही शिरल्या.

१९ जून १८२९ रोजी सकाळी फिरायला निघाले असताना पुण्याच्या कवायतीच्या मैदानाजवळ, लागवडीखाली नसलेल्या जमिनीवर, त्यांना गवताच्या बियांचे लहान लहान ढीग दिसले. प्रत्येक ढीग मूठभराचा. शेकडो मुंग्या बिळातून बी वर आणून उन्हात घालत होत्या. पावसाळ्याच्या प्रारंभी साठा भिजला असावा आणि पहिले ऊन पडताच तो वाळवायला काढला असावा, असा तर्क त्यांनी केला. पौष-माघाच्या सुमारास गवताचे बी पिकते, तेव्हाचा हा साठा! मुंग्या धान्य साठवतात ही प्राचीन समजूत युरोपातील पंडितांना तेव्हा भाबडी वाटत होती. तिला पुण्याच्या पडीक जमिनीवर प्रत्यक्ष पुरावा मिळाला. १८३५ मध्ये त्यांनी या मुंगीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तिला ‘प्रॉव्हिडेन्स’, म्हणजे पुढची तरतूद करणारी, असे नाव दिले.

त्याच वर्षी, १८२९ च्या डिसेंबरात, काटकसरीपायी सरकारने साइक्स यांचे पदच रद्द केले. त्यांनी लष्करी कामातून रजा मिळवून अहवाल पुरे केले आणि १८३१ मध्ये हिंदुस्थान सोडला.

पडीक हा महसुलाचा शब्द. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती रिकामी, असा त्यातला हिशेब. त्या ‘रिकाम्या’ जमिनीवर जमिनीलगत घरटे करणारा, साइक्स यांच्याच नावाने ओळखला जाणारा चंडोल राहतो. सहा पांढरे ठिपके मिरवणारा काळा भुंगेरा रात्री शिकारीला निघतो. हिशेबाची ती दृष्टी अजून पुरती गेलेली नाही. पुण्याभोवतीच्या टेकड्या उघड्या दिसतात म्हणून त्यांवर परदेशी गिरिपुष्पाची लागवड झाली. सावली वाढली की उन्हात वाढणारे गवत मागे हटते. चिंकाऱ्यासाठी १९९७ मध्ये बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य झाले, पण ते अवघे पाच चौरस किलोमीटरचे. भारतातील लांडग्यांची संख्या सुमारे तीन हजारांवर आली आहे आणि त्यांचा बहुतेक वावर अभयारण्यांच्या हद्दीबाहेर आहे.

इंग्लंडमध्ये साइक्स यांना मान मिळाला. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १८५६ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्षपद, नंतर ॲबर्डीनची खासदारकी. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी जॉन ट्राहर्न मॉग्रिज यांचे दाणे साठवणाऱ्या मुंग्यांवरील पुस्तक निघाले. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर केलेल्या निरीक्षणांच्या त्या पुस्तकात पुण्यातल्या त्या जून महिन्याच्या नोंदीचाही दाखला आहे.