दगडांचे गुरुजी : मुसो सोसेकी

सबमिशन, ओरल, पी.एल. सगळं एकदम अंगावर आलं की आपण होस्टेलच्या गच्चीवर नुसते जाऊन बसतो. त्या ‘नुसतं बसण्या’लाच शिक्षण मानणारे एक गुरुजी सातशे वर्षांपूर्वी जपानमध्ये होऊन गेले. त्यांचं नाव मुसो सोसेकी.

जन्म १२७५ सालचा. लहानपणीच मठात गेले, ग्रंथांचा भरपूर अभ्यास केला. पण आपले विद्वान गुरू मरणाच्या दारात हतबल झालेले त्यांनी पाहिले आणि नुसतं पाठांतर कामाचं नाही हे त्यांना कळलं. विशीच्या आसपास ते झेन पंथाकडे वळले. मोठमोठ्या मठांत मन रमेना, म्हणून रानात एकटे राहू लागले. १३०५ साली एका रात्री बराच वेळ ध्यानाला बसून ते झोपडीत परतले. अंधारात भिंतीला टेकायला गेले, तर तिथे भिंतच नव्हती! धाडकन पडले, खळखळून हसले आणि त्याच क्षणी त्यांना बोध झाला, असं सांगतात.

पुढे सम्राटांपासून सेनापतींपर्यंत सगळे त्यांच्याकडे येऊ लागले. १३३९ साली सम्राट गो-दाइगो वारले. त्यांना राजधानीतून हुसकावणाऱ्या सेनापती आशिकागा ताकाउजीला मुसोंनी त्याच शत्रूच्या आत्म्याच्या शांतीसाठी मंदिर बांधायला लावलं. पैसे कमी पडले, तेव्हा चीनशी व्यापाराला जहाज पाठवून ते उभे केले. हेच क्योतोचं तेनर्यू-जी.

तिथली बाग मुसोंच्या नावावर आहे. समोर तळं, मागे आराशियामाचा डोंगर, आणि मध्ये दगडांचा धबधबा. चिनी गोष्टीत धबधबा चढून जाणारा मासा ड्रॅगन होतो. या धबधब्यात त्या माशाचाही एक दगड आहे. शिष्यांना प्रवचन न देता मुसोंनी धडा असा समोर मांडून ठेवला.

त्याच १३३९ साली त्यांनी साइहो-जी मठाची बागही नव्याने घडवली. आज ती शेवाळ्यासाठी प्रसिद्ध आहे, पण ते हिरवं शेवाळं मुसोंनी लावलेलं नाही. ते नंतरच्या काळात आपोआप पसरलं. १९९४ साली दोन्ही ठिकाणं जागतिक वारसा यादीत आली.

बागेच्या हौसेबद्दल मुसोंचं मत मात्र रोखठोक होतं. डोंगर-पाण्यात फायदा-तोटा काही नसतो, तो बघणाऱ्याच्या मनात असतो. मिरवायला बाग केली तर ती नुसती मालमत्ता. तिच्याकडे बघत स्वतःला तपासलं तर ती साधना. १३५१ साली ते गेले.

तर मित्रांनो, आज रात्री गच्चीवर जाल तेव्हा मोबाईल खोलीतच ठेवा. पंधरा मिनिटं समोरच्या झाडाकडे बघा. पेपर सोपा होणार नाही, पण तो लिहिणारा थोडा शांत झालेला असेल.