अन्न नाकारणाऱ्यांचा डॉक्टर

साथीच्या रोगाला आवाज असतो. आकडे छापून येतात, रस्ते ओस पडतात, माणसे एकमेकांपासून दूर सरतात. पानावर बसून भात चिवडत राहणाऱ्या मुलीचा आवाज मात्र कुणाच्या कानी पडत नाही. सर विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांचे चरित्र मला जवळचे वाटते, कारण हे दोन्ही आजार त्यांनी जवळून पाहिले.

३१ डिसेंबर १८१६ रोजी जन्मलेल्या गल यांचे वडील होड्यांतून मालवाहतूक करीत. दहाव्या वर्षी पितृछत्र हरपले आणि आईने मुलांना वाढवले. पुढे गल लंडनच्या गाइज रुग्णालयात शिकले आणि तिथलेच नामांकित डॉक्टर झाले. १८४८-४९ मध्ये पटकीने इंग्लंडला ग्रासले, तेव्हा विल्यम बॅली यांच्यासह त्यांनी त्या साथीचा अहवाल लिहिला. तो १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. पटकी पाण्यातून पसरते, हे जॉन स्नो यांचे मत त्यांनी अमान्य केले. काळाने स्नो यांनाच खरे ठरवले.

१८७१ मध्ये युवराजांना विषमज्वर झाला. त्यातून ते बरे झाल्यावर गल यांना १८७२ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. पण मला त्यांचे मोठेपण दिसते ते १८७३ मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे त्यांनी वाचलेल्या निबंधात. तरुण मुली अन्न नाकारतात, खंगत जातात, तरी अस्वस्थपणे फिरत राहतात. तपासले तर क्षय नाही, पोटाचा विकारही नाही. मुळाशी मन आहे, हे ओळखून त्यांनी या आजाराला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिले. मुलग्यांमध्येही तो आढळतो, असे त्यांनी नोंदवले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लासेग यांनीही असेच रुग्ण वर्णिले.

उपचार साधा होता: इच्छेची वाट न पाहता ठरावीक वेळाने अन्न, ऊब आणि खंबीर शुश्रूषा. त्यांच्या एका सतरा वर्षांच्या रुग्ण मुलीचे वजन दोन वर्षांत ४६ पौंडांनी वाढले. शुश्रूषेला नातेवाईक नकोत, हे त्यांचे मत मात्र पुढे बदलले. १९८० च्या दशकात लंडनच्याच मॉड्सली रुग्णालयात आईवडिलांना उपचारात सामील करण्याची पद्धत विकसित झाली.

२०२० च्या टाळेबंदीत याचे मोल मला कळले. माझ्या परिचयातल्या एका घरी मुलगी जेवण टाळू लागली होती. दवाखाने कोविडने भरलेले. अशा वेळी एवढ्याशासाठी डॉक्टरांना त्रास कशाला द्यायचा, असे वडिलांना वाटे. आईने अखेर फोन लावला. डॉक्टर पडद्यावरून बोलत आणि आई पानाशी बसून राही. ती मुलगी आज कॉलेजात जाते. जेवणाशी तिची झुंज अजून पुरती संपलेली नाही.

त्या काळात इंग्लंडमध्येही तातडीने मदत लागणारी मुले खूप वाढली. साथ आली म्हणून हा आजार थांबत नाही, उलट एकांतात फोफावतो आणि जिवावरही बेततो. आपल्याकडे २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे विचारायला आजार बळावण्याची वाट पाहावी लागत नाही.

गल २९ जानेवारी १८९० रोजी वारले. त्याच्या दोनच वर्षे आधी, सत्तरी ओलांडल्यावरही, त्यांनी अशाच एका मुलीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. तीही बरी झाली होती.