विल्हेल्म राँटजेन

हाताचे हाड मोडले तर डॉक्टर ते बाहेरून चाचपून पाहू शकतात. पण पाठीचा मणका मोडला तर? मणके जाड स्नायूंच्या आड दडलेले असतात. मणका किती दबला, तो सांधत आहे की नाही, हे १८९५ पूर्वी शरीर न कापता पाहता येत नव्हते. ही अडचण दूर करणारा शोध विल्हेल्म राँटजेन यांनी लावला.

राँटजेन यांचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. त्यांचे बालपण हॉलंडमध्ये गेले. तेथे शाळेत असताना कोणीतरी एका शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. विल्हेल्मने ते काढले नव्हते. पण काढणाऱ्या मुलाचे नाव सांगण्यास त्याने नकार दिला. त्यामुळे त्यालाच शाळेतून काढून टाकण्यात आले. तरीही तो खचला नाही. स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे जाऊन त्याने उच्च शिक्षण पूर्ण केले. पुढे तो जर्मनीत प्राध्यापक झाला.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटजेन वुर्झबुर्ग येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. खोलीत अंधार होता. काचेच्या नळीतून विजेचा प्रवाह सोडलेला होता आणि नळी काळ्या कागदाने झाकलेली होती. तरीही दूर ठेवलेला, रसायनाचा लेप दिलेला पडदा चमकू लागला. कागदातून आरपार जाणारे हे किरण कोणते, हे कोणालाच माहीत नव्हते. गणितात अज्ञात संख्येला 'क्ष' म्हणतात, तसे त्यांना क्ष-किरण हे नाव मिळाले. २२ डिसेंबरला राँटजेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती.

१८९६ मध्येच डॉक्टर मोडलेली हाडे या किरणांनी पाहू लागले. यंत्रे सुधारली, तसे मणकेही दिसू लागले. आता मणका मोडलेल्या रुग्णाचे छायाचित्र काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा काढतात आणि आधीच्या छायाचित्राशी ताडून पाहतात. मणक्याची उंची आणखी घटली का, पाठीचा बाक वाढला का, हे त्यावरून समजते. १९७१ मध्ये क्ष-किरणांवरच चालणाऱ्या सी.टी. स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. या यंत्रामुळे हाडाचे बारीक तुकडे जुळले की नाहीत, हेही दिसते.

१९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक राँटजेन यांना मिळाले. त्याची रक्कम त्यांनी वुर्झबुर्ग विद्यापीठाला दिली. शोधाचे पेटंट घेतले असते तर ते फार श्रीमंत झाले असते. पण हा शोध सर्व मानवजातीचा आहे, असे ते मानीत. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाची किंमत घसरली आणि त्यांना उतारवयात ओढाताण सोसावी लागली. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले.

आज एखाद्या रुग्णाची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी धरून डॉक्टर त्याला उठून चालण्याची परवानगी देतात. त्या परवानगीमागे राँटजेन यांचे हे दान आहे.