मुरारबाजी पडल्यानंतर

आपल्या स्नेहसंमेलनात पुरंदरच्या वेढ्याचं नाटक झालं, तेव्हा मी मागच्या रांगेतला मावळा होतो. वाक्य एकही नव्हतं. मुरारबाजी पडले की आम्हीही पडायचं आणि लगेच पडदा. तालमीच्या वेळी इतिहासाच्या बाईंनी विचारलं होतं, की त्यानंतर गडाचं काय झालं? कुणालाच सांगता आलं नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर आज लिहितो आहे.

मुरारबाजी देशपांडे मूळचे जावळीच्या मोऱ्यांच्या पदरी. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा ते महाराजांच्या विरुद्ध लढले. त्यांचं शौर्य पाहून महाराजांनी त्यांना आपलंसं केलं. पुढे पुरंदरची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

१६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान मोठी मोगल फौज घेऊन स्वराज्यावर चालून आले आणि पुरंदरला वेढा पडला. एप्रिलमध्ये शेजारचा वज्रगड पडला. आता तोफांचा मारा तिथून होऊ लागला. मार खात बसण्यापेक्षा खाली उतरून शत्रूवरच तुटून पडायचं, असं मुरारबाजींनी ठरवलं. सभासद बखरीप्रमाणे त्यांच्यासोबत निवडक ७०० मावळे होते आणि समोर खानाचे ५,००० पठाण. मुरारबाजी पठाणांची फळी कापत खानापर्यंत भिडले. तो पराक्रम पाहून खानाने त्यांना कौल देऊ केला. त्यांनी तो धुडकावला आणि खानाच्या बाणाने ते पडले. हल्ला फसला. वेढा काही उठला नाही.

आपला पडदा इथे पडला होता. पुरंदरावर मात्र तो पडला नाही. उरलेले मावळे गडावर परतले आणि सरदाराविना लढत राहिले. जूनमध्ये तह झाला. २३ किल्ले आणि वर्षाला चार लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला. त्या किल्ल्यांत पुरंदरही होता. महाराजांकडे १२ किल्ले उरले. पुढे १६७० मध्ये पुरंदर पुन्हा स्वराज्यात आला.

आज गडावर मुरारबाजींचा पुतळा आहे. त्यांच्यामागे परत चढून गेलेल्यांची नावं मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

बाई, उत्तराला फार उशीर झाला. मित्रांनो, ते नाटक पुन्हा बसवलंत, तर पडदा जरा थांबवा. आम्हा मागच्या रांगेतल्यांना उठून गडावर जायचं आहे.