विस्मरणाचा माग काढणारा डॉक्टर

डॉ. अलॉइस अल्झायमर यांचा जन्म १८६४ मध्ये जर्मनीतला. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात त्यांनी स्मृती हरवलेल्या ५१ वर्षांच्या ऑगुस्ट डेटर यांना तपासले. १९०६ मध्ये त्या वारल्या, तेव्हा कुठे सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूतील गाठी आणि साके दिसले. त्याच वर्षी परिषदेत मांडलेल्या या शोधाची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आजाराला त्यांचे नाव दिले. १९१५ मध्ये, ५१ व्या वर्षीच ते गेले.

त्या खुणांमागच्या अमायलॉइड आणि टाऊ प्रथिनांचा माग आता रुग्णाच्या हयातीतच, पाठीच्या मणक्यातील पाण्यातून व रक्तातून काढता येतो. मात्र नुसत्या रक्ततपासणीवर निदान ठरत नाही. म्हणून अमरावती असो वा अकोला, आजीचा वाढता विसराळूपणा म्हातारपणावर ढकलू नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.