नदी, नकाशा आणि कर्नल लाइट

ॲडलेड म्हटलं की आपल्याला आठवतं ते क्रिकेट! १९४८ साली सांगलीच्या विजय हजारेंनी इथे एकाच कसोटीत दोन शतकं ठोकली. २००३ मध्ये द्रविडने २३३ धावा केल्या, आगरकरने एका डावात सहा विकेट्स काढल्या आणि आपण मॅच जिंकलो. (२०२० चे ३६ ऑल आउट विसरलेलंच बरं!) त्या मैदानाजवळच्या टेकडीवर एक पुतळा आहे, हात लांब करून शहराकडे बोट दाखवणारा. हा कोणी क्रिकेटर नाही, सर्व्हेअर आहे... कर्नल विल्यम लाइट!

लाइटचा जन्म १७८६ सालचा, मलायातला. वडील फ्रान्सिस लाइट यांनी त्याच वर्षी पेनांगची इंग्रज वसाहत वसवली. आई मिश्र वंशाची. लहानपणीच त्याला शिकायला इंग्लंडला पाठवलं. तेराव्या वर्षी तो नौदलात शिरला आणि पुढे वेलिंग्टनच्या सैन्यात गेला. (असईला मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली, तोच हा वेलिंग्टन.) स्पेनमध्ये शत्रूच्या मुलखाची पाहणी करायची आणि स्केचेस काढायची, हे लाइटचं काम. जमीन वाचायला तो तिथेच शिकला.

१८३६ मध्ये इंग्रजांनी दक्षिण ऑस्ट्रेलियात नवी वसाहत काढली. इथे कैदी पाठवायचे नव्हते. जमीन विकायची आणि त्या पैशातून मजूर आणायचे, अशी योजना होती. म्हणजे आधी सर्व्हे, मग प्लॉट, मग घर! सर्व्हे अडला की सगळंच अडलं. लाइट सर्व्हेअर जनरल म्हणून आला तेव्हा वय पन्नास, छातीत क्षय आणि हाताखाली मोजकी माणसं. वर लोकांची जहाजं मागोमाग येऊन थडकलेली.

त्याने किनारा पालथा घातला आणि एक जागा पक्की केली. एका बाजूला माउंट लॉफ्टीचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे सुपीक मैदान आणि त्यातून वाहणारी टॉरेन्स नदी. नदी कसली, उन्हाळ्यात नुसते डोह! ती थेट समुद्राला मिळतही नव्हती, लव्हाळ्यांच्या दलदलीत जिरून जायची. गव्हर्नर हिंडमार्श पडले नौदलातले. त्यांना राजधानी बंदराला लागून हवी होती. पण लाइटचं गणित वेगळं होतं. डोंगर पाऊस अडवतील, गोडं पाणी मिळेल, पूर आला तरी उंच जमीन सुरक्षित राहील. बंदर दहा-बारा किलोमीटरवर असलं तरी चालेल, तिथवर रस्ता करता येतो. पाणी कुठून आणणार? फेब्रुवारी १८३७ मध्ये वसाहतकऱ्यांची सभा भरली आणि लाइटची जागा कायम झाली.

११ जानेवारीला सुरू झालेला सर्व्हे १० मार्चला संपला. दोन महिन्यांत एकेक एकराचे १०४२ प्लॉट! नदीच्या दक्षिणेला ७००, उत्तरेच्या चढावर ३४२. रुंद सरळ रस्ते, मधे चौक आणि शहराभोवती हिरव्या मोकळ्या जमिनीचा पट्टा. ते क्रिकेटचं मैदान याच पट्ट्यात आहे.

पण नकाशा कोरा नव्हता. ही जमीन कौर्ना लोकांची होती. वसाहतीच्या सनदेत त्यांचे हक्क मान्य केले होते, पण ते कागदावरच राहिले आणि प्लॉट विकले गेले. लाइटचं कौतुक करताना ही बाजू विसरून चालणार नाही.

यानंतर आसपासच्या शेतजमिनी मोजायच्या होत्या. लाइट त्रिकोणांच्या पद्धतीने नेटका सर्व्हे करत होता. लंडनहून हुकूम आला की कच्ची पद्धत वापरून काम झटपट उरका, नाहीतर ते दुसऱ्याकडे देऊ. आपण सर्व्हे कॅम्पला रीडिंग्ज ‘कुक’ करतो ना, ऊन लागलं म्हणून? लाइटने १८३८ मध्ये सरळ राजीनामा दिला! बहुतेक सहकारीही त्याच्याबरोबर बाहेर पडले. जानेवारी १८३९ मध्ये त्याची झोपडी जळाली आणि वर्षानुवर्षांच्या डायऱ्या, कागद खाक झाले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला तो क्षयाने वारला, जवळपास कफल्लक अवस्थेत.

पुढे १८८१ मध्ये नदीवर बंधारा घातला आणि त्या डोहांचा तलाव झाला. २००८ मध्ये शहराची आखणी आणि तो हिरवा पट्टा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेला. हिंडमार्श आणि लंडनचे साहेब आज किती जणांना आठवतात?

लाइटला त्यानेच आखलेल्या एका चौकात पुरलं आहे. तिथल्या स्मारकाच्या टोकावर ना तलवार आहे, ना मुकुट. आहे एक ब्राँझचा थिओडोलाइट! मित्रांनो, पुढच्या कॅम्पला तो ट्रायपॉड खांद्यावर घेऊन कुरकुरत निघाल तेव्हा या माणसाची आठवण ठेवा... आणि निदान एक तरी रीडिंग खरं घ्या!