सुताराच्या पोरानं मोजला रक्ताचा रस्ता

घाटनांदूरच्या शिवारात ज्यांचं वावर आहे, त्यांना ठिबकचं दुखणं सांगायला नको. मोटार चालू, नळीत पाणी, आणि एका झाडापाशी मात्र थेंब नाही. ड्रिपर उघडून बघा. आत अडकलेले बरेचसे कण भोकापेक्षा बारीक असतात! एकेकटे आले असते तर सहज निघून गेले असते. पण दोन-चार एकदम आले आणि तोंडाशीच अडकले. पॅसेंजर गाडीच्या दारात होतं ना, अगदी तसंच.

आता गंमत बघा. तुमच्या अंगातल्या केशवाहिन्या जेमतेम ५ ते १० मायक्रॉन रुंद, आणि लाल रक्तपेशी सुमारे ८ मायक्रॉनची. तरी तुंबत नाही. कसं काय? या वाटेवर सुरुवातीलाच निघालेला माणूस म्हणजे झाँ लिओनार मारी प्वाझय. फिजिक्सच्या पुस्तकात 'पॉईज' हे एकक वाचलंय ना? ते यांच्याच नावाचं.

जन्म २२ एप्रिल १७९७, पॅरिस. वडील सुतार. पोरगं १८१५ मध्ये एकोल पॉलिटेक्निकला लागलं. पण पुढच्याच वर्षी सरकारनं राजकीय कारणावरून अख्खी बॅच घरी पाठवली. विचार करा, तुमचं कॉलेज असं बंद झालं तर? प्वाझय परत गेलेच नाहीत. डॉक्टरकीकडे वळले, पण डोक्यातलं फिजिक्स सोबत नेलं.

१८२८ च्या प्रबंधासाठी त्यांनी पारा भरलेली 'यू' आकाराची नळी वापरून धमनीतला दाब मोजला. रक्त गोठू नये म्हणून मध्ये पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण घातलं. मोठ्या धमन्यांत सगळीकडे दाब जवळपास सारखाच निघाला. म्हणजे खरा अडथळा पुढे, बारीक वाहिन्यांत!

मग त्यांनी बेडकाच्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पेशी मधोमध पळत होत्या आणि भिंतीलगत नितळ द्रवाचा थर जवळपास थांबलेला होता.

पण जिवंत रक्ताचं गणित बसवणं अवघड. म्हणून त्यांनी केसासारख्या काचेच्या नळ्या घेतल्या आणि त्यातून साधं ऊर्ध्वपातित पाणी सोडलं. वर्षानुवर्षं तेच. दाब बदल, लांबी बदल, व्यास बदल. १८४० च्या सुमारास नियम हाती आला: प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो. नळी निम्मी अरुंद झाली की पाणी निम्मं नाही, सोळावा हिस्सा येतं! जर्मनीत हागेन यांनीही १८३९ मध्ये स्वतंत्रपणे असंच काही शोधलं होतं, म्हणून नियमाला दोघांची नावं.

मात्र ज्या रक्तासाठी एवढा खटाटोप केला, ते या नियमात नीट बसत नाही. पाण्यात कण नसतात. रक्तात पेशी एकमेकींना ढकलतात, वळतात, वाकतात. २६ डिसेंबर १८६९ ला प्वाझय गेले, तेव्हा हे कोडं बाकीच होतं. १९३१ मध्ये फोरेउस आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवलं की ०.३ मिलिमीटरपेक्षा बारीक नळीत रक्त उलट पातळ असल्यासारखं वाहतं. कारण? पेशी मध्ये, नितळ थर कडेला, म्हणजे भिंतीशी घासाघीस कमी. बेडकात प्वाझय यांना दिसलेला तोच थर!

प्रश्न अवघड होता, म्हणून त्यांनी तो सोडला नाही. आधी त्यातला सुटेल तेवढा भाग नीट सोडवला. पुढच्या वेळी ड्रिपर तुंबला की शिव्या द्या, हरकत नाही. पण फेकण्याआधी एकदा आत डोकावून बघा, दोस्तांनो. तुमची लवचीक रक्तपेशी जिथून वाकून निघून जाते, तिथे वाळूचा कडक कण अडून बसलेला दिसेल.